एका दुखण्याच्या नामकरणाची कथा

सांधे दुखूं लागले, बोटें आखडूं लागलीं, किंवा सकाळीं अंथरुणांतून उठतांना पाय जमिनीला टेकवेनासे झाले, कीं आपल्या घरांतून एकच निदान ऐकूं येतें: ‘वात झाला आहे.’ आजीच्या गुडघ्यांतला वात, मामांच्या पायाच्या अंगठ्यांतला वात आणि तिशीच्या सुनेच्या मनगटांतला वात, हे तिन्ही एकाच शब्दाच्या पोटांत सुखानें नांदत असतात. उपचारहि बहुधा एकच असतो; शेक, तेल आणि सहनशीलता. वस्तुतः हीं तीन दुखणीं अगदीं निराळीं असूं शकतात. आजीच्या गुडघ्यांतील कूर्चा वयोमानानें झिजलेली असते. मामांच्या अंगठ्यांत युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक सांचलेले असतात. सुनेच्या मनगटांत मात्र तिच्या शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक शक्ति सांध्यांवर चालून गेलेली असते. या तिसऱ्या दुखण्याला पाश्चात्त्य वैद्यक ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ म्हणतें. मराठींत कोणी त्याला आमवात म्हणतात, तर कोणी नुसतें संधिवात म्हणून सोडून देतात. हा रोग इतर सांधेदुखींपासून वेगळा ओळखण्यास वैद्यकशास्त्राला फार दीर्घ काळ लागला. तो कां लागला, आणि ओळख पटल्यावर काय घडलें, हें आज आपणांपुढें मांडण्याचा माझा विचार आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप थोडक्यांत पाहूं. दोन हाडें जेथें मिळतात तेथें सांध्याच्या आंतल्या बाजूस एक पातळ अस्तर असतें; तें सांध्याला वंगणासारखा रस पुरवितें. या रोगांत तें अस्तर सुजतें, जाड होतें आणि हळूहळू कूर्चेला व हाडाला कुरतडूं लागतें. प्रारंभ बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांपासून होतो, आणि उजव्या व डाव्या अशा दोन्ही बाजूंचे तेच सांधे धरले जातात. सकाळीं उठल्यावर मूठ मिटत नाहीं, आणि हा ताठरपणा ओसरण्यास तास-तास लागतो. त्याबरोबर थकवा येतो, बारीक ताप येतो, वजन उतरतें; कारण हा केवळ सांध्यांचा रोग नसून सर्व शरीराचा आहे. फुप्फुसें, डोळे व रक्तवाहिन्या यांनाहि त्याची बाधा होऊं शकते. जगांत दर दोनशें माणसांमागें एका-दोघांना तो असतो, आणि स्त्रियांना तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट प्रमाणांत होतो. ही शेवटची गोष्ट श्रोत्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. पुढील कथेंत तिला महत्त्व आहे.

प्राचीन युरोपांत सांधेदुखीला मुख्यतः दोन नांवें होतीं, आणि दोन्ही एकाच कल्पनेंतून निघालीं होतीं. शरीरांत चार रस आहेत व त्यांचा तोल बिघडला म्हणजे दूषित रस सांध्यांत उतरतो, असें ग्रीक व रोमन वैद्य मानीत. ग्रीक भाषेंत वाहणाऱ्या स्रावाला ‘ऱ्हूमा’ म्हणतात. त्यावरून ‘ऱ्हुमॅटिझम’ हा शब्द निघाला. लॅटिन भाषेंत थेंबाला ‘गुट्टा’ म्हणतात. त्यावरून ‘गाउट’ हा शब्द झाला. गाउट म्हणजे राजेरजवाड्यांचा आणि मेजवान्या झोडणाऱ्या श्रीमंतांचा रोग, अशी त्याची ख्याति होती. इंग्लंडांतील नामांकित वैद्य टॉमस सिडनहॅम याला तो स्वतःला जडला होता, आणि १६८३ सालीं त्यानें त्यावर लिहिलेला प्रबंध वैद्यकाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. वैद्यहि सुखवस्तु आणि रोगीहि सुखवस्तु, त्यामुळें गाउटचें वर्णन अत्यंत बारकाईनें झालें, आणि जी जी सांधेदुखी चिवट दिसली ती ती त्याच्याच खातीं जमा होत गेली.

आपल्याकडील जुन्या ग्रंथांतहि या विचाराशीं साम्य दिसतें. चरकसंहितेंत ‘वातरक्त’ या रोगाला ‘आढ्यवात’ असेंहि एक नांव आहे. आढ्य म्हणजे धनवान्. पुढें सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या माधवकरानें ‘माधवनिदान’ या ग्रंथांत वातरक्ताचें प्रकरण वेगळें ठेवलें आणि आमवाताला वेगळें प्रकरण दिलें. न पचलेला अन्नरस, म्हणजे आम, वाताच्या योगानें सांध्यांत जाऊन बसतो, अशी त्याची उपपत्ति. हात, पाय, घोटे, गुडघे सुजतात आणि विंचू डसावा तशी वेदना होते, असें त्याचें वर्णन. या आमवातांत आजच्या वैद्यकानें वेगळे केलेले सांध्यांचे एकाहून अधिक रोग सामावतात. तेव्हां तो शब्द आणि आजचें निदान हीं तंतोतंत एक मानूं नयेत. तथापि अनेक सांधे धरणारें एक दुखणें श्रीमंतांच्या वातरक्ताहून भिन्न आहे, एवढा विवेक त्यांत स्पष्ट आहे.

युरोपांत हा विवेक होण्यास इ. स. १८०० साल उजाडावें लागलें. पॅरिस शहरीं साल्पेत्रिएर नांवाचें एक विस्तीर्ण रुग्णालय आहे. त्या काळीं तें रुग्णालय कमी आणि निराश्रित स्त्रियांचा आश्रम अधिक, अशा स्वरूपाचें होतें. ज्यांना पैसा नाहीं, घर नाहीं, सांभाळणारें माणूस नाहीं अशा हजारों स्त्रिया तेथें आयुष्य कंठीत. ऑगस्तां जाकोब लांद्रे-बोव्हे नांवाचा अठ्ठावीस वर्षांचा वैद्य तेथें काम करीत होता. तेथील कांहीं स्त्रियांचें दुखणें पुस्तकांतल्या गाउटशीं जुळत नाहीं, असें त्याच्या लक्षांत आलें. गाउट व्हावयाचा तो धडधाकट, सुखवस्तु पुरुषांना. या स्त्रिया तर दरिद्री आणि कृश होत्या. गाउटचा झटका बहुधा एखाद्याच सांध्यांत येई. येथें आरंभापासून अनेक सांधे धरलेले होते. गाउट आला तसा निघूनहि जाई. हें दुखणें मात्र ठाण मांडून बसे, आणि त्याबरोबर सर्व प्रकृति खालावत जाई. अशा नऊ रोग्यांच्या हकीकती लिहून त्यानें आपला पदवीचा प्रबंध सादर केला.

या प्रबंधाचें शीर्षक एका प्रश्नाच्या रूपांत होतें: गाउटची एक नवी जात ‘प्राथमिक अशक्त गाउट’ या नांवानें मान्य करावी काय? नव्या रोगाचें पहिलें स्पष्ट वर्णन करणाऱ्या या तरुणालाहि ‘गाउट’ हें जुनें कुलनाम सोडवलें नाहीं. परंतु त्याचें खरें श्रेय नांवांत नसून निरीक्षणांत आहे. रोग कांहीं त्या वर्षीं जन्मास आला नव्हता. तो ज्यांना होत होता त्यांच्या शेजारीं बसून, त्यांचें दुखणें पुस्तकाशीं ताडून पाहणारा वैद्य त्यांना मिळाला नव्हता, इतकेंच. वैद्यकाचे ग्रंथ बहुतेक अशा रोग्यांवरून लिहिले गेले होते, ज्यांना वैद्य घरीं बोलावून आणण्याची ऐपत होती. साल्पेत्रिएरमधील त्या नऊ जणी ग्रंथाच्या बाहेर होत्या. त्या आंत आल्या तेव्हां रोगहि आंत आला.

यानंतर रोगांची वाटणी हळूहळू होऊं लागली. १८०२ सालीं इंग्लंडांतील विल्यम हेबर्डन याचीं टिपणें त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालीं. बोटांच्या टोंकाशेजारच्या सांध्यांवर उतारवयांत ज्या टणक गांठी येतात त्यांचा गाउटशीं संबंध नाहीं, असें त्यानें त्यांत नमूद केलें होतें. त्या गांठी आज त्याच्याच नांवानें ओळखल्या जातात व त्या झिजेच्या रोगांत मोडतात. १८५३ सालीं त्याच साल्पेत्रिएरमध्यें, पुढें मज्जातंतूंच्या रोगांवरील अभ्यासामुळें जगप्रसिद्ध झालेल्या झां-मार्तें शार्को यानें आपला प्रबंध लांद्रे-बोव्हेच्या या रोगावरच लिहिला. अर्धें शतक लोटलें होतें, परंतु अभ्यासाला त्याच आश्रमांतल्या निर्धन स्त्रिया होत्या.

निर्णायक पुरावा मात्र लंडनमध्यें मिळाला, आणि तोहि एका सुताच्या धाग्यावर. आल्फ्रेड बेअरिंग गॅरॉड या वैद्यानें १८४८ सालीं दाखवून दिलें कीं, गाउटच्या रोग्यांच्या रक्तांत युरिक ॲसिड प्रमाणाबाहेर असतें. पुढें त्यानें एक सोपी परीक्षा तयार केली. रोग्याच्या रक्तांतील पाण्यासारखा भाग एका उथळ कांचपात्रांत घ्यावयाचा, त्यांत थोडें ॲसेटिक ॲसिड मिसळावयाचें, एक बारीक धागा बुडवून ठेवावयाचा आणि तें मिश्रण हळूहळू सुकूं द्यावयाचें. रोग गाउट असेल तर त्या धाग्यावर युरिक ॲसिडचे स्फटिक खडीसाखरेच्या दोऱ्यावरील खड्यांप्रमाणें धरतात. ज्या दुसऱ्या रोग्यांविषयीं वाद होता, त्यांचा धागा कोरा राहिला. तेव्हां हें दुखणें गाउट नव्हे, हें डोळ्यांनीं दिसूं लागलें. १८५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत गॅरॉडनें त्याला ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हें नांव सुचविलें.

या नांवाचा अर्थ पाहिला तर थोडी गंमत वाटते. ‘ऑइड’ म्हणजे ‘सारखा’. अर्थात् ‘ऱ्हुमॅटिझमसारखा दिसणारा सांध्यांचा दाह’. शाळेच्या हजेरीपटावर एखाद्या मुलाचें नांव ‘गोविंदासारखा दिसणारा’ असें लिहावें, त्यांतलाच हा प्रकार झाला. तरी पण त्या मुलाला स्वतंत्र ओळ मिळाली, हें कांहीं थोडें नव्हे. अमेरिकेंतील ऱ्हुमॅटिझमच्या तज्ज्ञांच्या संस्थेनें हें नांव १९४१ सालीं अधिकृत केलें. लांद्रे-बोव्हेच्या प्रश्नापासून तोंवर १४१ वर्षें उलटलीं होतीं.

मधल्या काळांत रोग्यांचें काय होत होतें, याचें एक उदाहरण सर्वांना ठाऊक असलेल्या माणसाचें आहे. फ्रेंच चित्रकार ऑग्यूस्त रेन्वार याला पन्नाशीच्या सुमारास, म्हणजे १८९२ च्या आसपास, हा रोग जडला. तो उबदार हवेसाठीं दक्षिणेकडे कान्य या गांवीं जाऊन राहिला. बोटें तळहाताकडे वळून तेथेंच आंवळलीं गेलीं. कातडी सोलली जाऊं नये म्हणून हातांना पट्ट्या गुंडाळाव्या लागत. अखेरचीं वर्षें त्यानें चाकांच्या खुर्चींत काढलीं. कोणीतरी कुंचला त्याच्या आंवळलेल्या बोटांत सरकवून द्यावा आणि त्यानें चित्र रंगवावें, असा क्रम १९१९ सालीं त्याचा मृत्यू होईपर्यंत चालला. त्याचें धैर्य अलौकिक खरेंच. परंतु धैर्याखेरीज त्याच्या हातीं दुसरें औषध जवळजवळ नव्हतेंच, हेंहि तितकेंच खरें. विलोच्या सालींतील द्रव्यापासून निघालेलीं सॅलिसिलेट जातीचीं औषधें आणि १८९९ पासून बाजारांत आलेली ॲस्पिरिन यांनीं वेदना कमी होत असे. रोगाची चाल थांबत नसे.

रोगाला नांव मिळालें तरी कारण मिळालें नव्हतें, आणि कारण ठाऊक नसलें म्हणजे उपचारांत कशी अनर्थकारक घाई होते, तें पुढील प्रकरणावरून दिसतें. १९१२ च्या सुमारास शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यानें असें मत मांडिलें कीं, दांतांच्या मुळाशीं किंवा टॉन्सिलमध्यें दडलेल्या जंतूंमुळें सांधे बिघडतात. मत वरवर पाहतां सयुक्तिक होतें, आणि शस्त्र हातांत तयारच होतें. त्यानंतर सुमारें पाव शतक असंख्य रोग्यांचे दांत उपटले गेले, टॉन्सिल काढल्या गेल्या. सांधे दुखत होते तसेच दुखत राहिले आणि वर घांस चावण्याचीहि पंचाईत झाली. अखेर रसेल सेसिल व अँजेव्हाइन या दोघां अमेरिकन वैद्यांनीं १९३८ सालीं २०० रोग्यांची छाननी प्रसिद्ध केली आणि दांत किंवा टॉन्सिल काढल्यानें लाभ होत नाहीं असा निर्वाळा दिला. विशेष हें कीं, सेसिल हा पूर्वीं स्वतः त्या मताचा पुरस्कर्ता होता. आपलाच सिद्धांत आपल्याच रोग्यांवर मोजून पाहावा आणि खोटा ठरल्यास तसें छापून सांगावें, याला शास्त्राचें शील म्हणतात.

चुकीच्या तर्कांतून चांगलें औषध निघाल्याचेंहि उदाहरण या इतिहासांत आहे. १८९० सालीं रॉबर्ट कॉख यानें प्रयोगशाळेंत पाहिलें कीं, सोन्याच्या एका संयुगानें क्षयाच्या जंतूंची वाढ खुंटते. फ्रान्समधील झाक फॉरेस्तिए याला वाटलें कीं, ही सांधेदुखीहि क्षयाचीच भावंड असावी. म्हणून त्यानें आपल्या रोग्यांना सोन्याच्या क्षारांचीं इंजेक्शनें दिलीं आणि १९२९ सालीं आपले अनुभव प्रसिद्ध केले. क्षयाशीं या रोगाचा संबंध नव्हता. परंतु पुष्कळांची सूज उतरली. हा गुण खरा कीं भास, हें ठरविण्यासाठीं ब्रिटनमधील एंपायर ऱ्हुमॅटिझम कौन्सिलनें सुमारें २०० रोग्यांवर अशी परीक्षा घेतली कीं, कोणाला पूर्ण मात्रा मिळते व कोणाला नाममात्र, हें ना रोग्याला ठाऊक ना तपासणाऱ्या वैद्याला. १९६० सालीं निकाल आला: गुण खरा होता. मूत्रपिंड, त्वचा व रक्त यांवरील दुष्परिणामांमुळें पुढें सोनें मागें पडलें. परंतु रोगाची चाल मंदावूं शकते, हा विश्वास त्यानें दिला.

आतां या कथेंतील सर्वांत नाट्यमय प्रसंगाकडे वळूं. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच नांवाचा वैद्य होता. १९२९ सालीं त्याच्याकडील एका रोग्याला कावीळ झाली, आणि कावीळ होतांच त्याचे सांधे आश्चर्यकारक रीतीनें मोकळे झाले. गरोदर स्त्रियांचेहि सांधे त्या काळांत सुधारतात, असें पुढें हेंचच्या ध्यानांत आलें. म्हणजे शरीरांतच असें कांहीं द्रव्य असलें पाहिजे कीं, जें हा रोग आवरून धरतें. एडवर्ड केंडॉल हा रसायनशास्त्रज्ञ त्याच संस्थेंत मूत्रपिंडावरील ग्रंथींचे रस वेगळे काढीत होता. त्यांतील एक द्रव्य बैलाच्या पित्तापासून तीसहून अधिक रासायनिक पायऱ्या चढून अत्यल्प प्रमाणांत तयार झालें, आणि २१ सप्टेंबर १९४८ रोजीं एकोणतीस वर्षांच्या, जवळजवळ खाटेला खिळलेल्या एका स्त्रीला त्याचें पहिलें इंजेक्शन देण्यांत आलें. आठवडा लोटला न लोटला तोंच ती बाजारांत चालत जाऊन खरेदी करून आली. या द्रव्याला पुढें कॉर्टिसोन हें नांव पडलें, आणि १९५० सालीं हेंच, केंडॉल व स्वित्झर्लंडमधील राइश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु आनंद फार काळ निर्भेळ राहिला नाहीं. मात्रा चालू असे तोंवर गुण. बंद केली कीं रोग पुनः हजर. दीर्घकाळ मोठी मात्रा घेतल्यानें चेहरा गोल सुजतो, हाडें ठिसूळ होतात, रक्तांत साखर वाढते, जंतुरोगांना वाट मोकळी होते आणि कधीं कधीं मनाचाहि तोल जातो, हें दोन-तीन वर्षांतच दिसून आलें. त्या जातीचीं औषधें, ज्यांना आपण स्टेरॉइड म्हणतों, आजहि तज्ज्ञ वापरतात. पण अल्प मात्रेंत, शक्य तितका कमी काळ, आणि रोग्यावर नजर ठेवून.

याच काळांत कारणाचा माग लागत होता. नॉर्वेंतील एरिक व्हालर यानें १९४० सालीं दाखविलें कीं, या रोग्यांच्या रक्तांत एक विलक्षण घटक असतो. तो शरीराच्या संरक्षक द्रव्यांनाच चिकटतो. १९४८ सालीं न्यूयॉर्कच्या हॅरी रोझ यानें स्वतंत्रपणें तेंच पाहिलें. या घटकाला ‘ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर’ म्हणतात. बाहेरचा शत्रु शोधण्यांत अर्धें शतक गेलें होतें. आतां कळलें कीं, पहारेकरीच घरावर उलटला आहे. आनुवंशिक कल आणि तंबाखूचा धूर हीं त्याला अनुकूल ठरतात, हें पुढील संशोधनानें स्पष्ट झालें. तेव्हां दांत उपटणाऱ्यांनीं त्याऐवजीं रोग्याची विडी काढून घेतली असती, तर अधिक उपकार झाले असते.

यानंतरच्या प्रगतींत दोन भारतीय नांवें येतात, तीं आपल्या घरांतून माहीत असावींत. पहिलें यल्लाप्रगड सुब्बाराव यांचें. आंध्रांतील भीमावरम येथें १८९५ सालीं जन्मलेल्या या शास्त्रज्ञानें अमेरिकेंत लेडर्ली प्रयोगशाळेंत संशोधन केलें. त्यांच्या मार्गदर्शनाखालीं पेशींची अतिरिक्त वाढ रोखणारीं अमिनोप्टेरिन व मेथोट्रेक्झेट हीं औषधें तयार झालीं, आणि प्रथम तीं मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरण्यांत आलीं. सुब्बाराव १९४८ सालीं निवर्तले. १९५१ सालीं गबनर व त्याच्या सहकाऱ्यांनीं अमिनोप्टेरिन या सांधेदुखीवरहि गुणकारी असल्याचें लिहिलें. पण तेव्हां सर्वांचे डोळे कॉर्टिसोनकडे लागलेले असल्यामुळें त्या लेखाकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. तीस वर्षांनंतर मेथोट्रेक्झेटच्या रीतसर परीक्षा झाल्या, १९८५ सालीं त्यांचे निकाल प्रसिद्ध झाले आणि १९८८ सालीं अमेरिकेंत त्याला या रोगासाठीं मान्यता मिळाली. आज जगभर या रोगाचा उपचार बहुधा याच स्वस्त गोळीपासून सुरू होतो. एक सूचना मात्र विसरूं नये: या रोगांत ती आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते, चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतूं शकतें.

दुसरें नांव रवींद्र मैनी यांचें. लुधियाना येथें १९३७ सालीं जन्मलेले हे वैद्य लंडनच्या केनेडी संस्थेंत मार्क फेल्डमन यांच्यासह काम करीत होते. रोग्यांच्या सुजलेल्या सांध्यांतील अस्तर कांचपात्रांत जगवून त्यांनीं पाहिलें कीं, दाहाचे निरोप वाहणाऱ्या अनेक द्रव्यांत ‘टी. एन. एफ.’ नांवाचें एक द्रव्य म्होरक्या आहे; तें अडविलें तर बाकीचींहि शांत होतात. १९९२ सालीं त्यांनीं २० रोग्यांना तें अडविणारें औषध दिलें आणि बहुतेकांना लवकरच आराम पडला. १९९८-९९ पासून या जातीचीं औषधें प्रचारांत आलीं. २००३ सालीं उभयतांना अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. हीं औषधें महाग आहेत आणि घेण्यापूर्वीं शरीरांत क्षय दडलेला नाहीं ना, हें तपासावें लागतें. तरी ज्यांना इतर औषधांनीं गुण येत नाहीं त्यांना तीं मोठा आधार झालीं आहेत.

श्रोतेहो, या सर्व इतिहासाचा आपल्या घरांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, आज औषधें आहेत, पण तीं वेळेवर पोंचलीं तरच उपयोगी. सांध्याचें हाड एकदां कुरतडलें गेलें म्हणजे तें पूर्ववत् होत नाहीं. १९८७ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं रोग ओळखण्याच्या ज्या खुणा ठरविल्या होत्या, त्यांत क्ष-किरणांत दिसणारी हाडांची हानि ही एक होती; म्हणजे नुकसान झाल्यावर दिसणारी खूण. २०१० सालीं अमेरिका व युरोप येथील तज्ज्ञांनीं मिळून त्या बदलल्या, त्या याचसाठीं कीं, हानि होण्यापूर्वींच रोगाला त्याचें नांव मिळावें. सांधे सुजल्यापासून सहा आठवड्यांच्या आंत तज्ज्ञानें रोगी पाहावा आणि तीन महिन्यांच्या आंत योग्य औषध सुरू व्हावें, असें युरोपांतील तज्ज्ञांचें सांगणें आहे.

आणि येथेंच आपल्या घरांतील ‘वात’ हा शब्द आड येतो. घरांतील स्त्रीला सकाळीं लाटणें धरवत नाहीं, बांगडी मनगटांतून सरकत नाहीं, पिळे घट्ट बसत नाहींत. ती मुकाट्यानें सोसते, आणि आपण म्हणतों, ‘थंडीचा वात आहे, तेल लाव.’ असे सहा महिने, वर्ष निघून जातें. मग कोणीतरी सुचविलेली, घटक न छापलेली पुडी आणली जाते. दोन दिवसांत सांधे मोकळे होतात व पुडीची कीर्ति गल्लीभर पसरते. हेंचच्या रोग्याची गोष्ट ज्यांनीं ऐकली, त्यांनीं अशा झटपट गुणाविषयीं सावध व्हावें. त्या पुडींत स्टेरॉइड मिसळलेलें असण्याचा संभव असतो.

तेव्हां एवढेंच करावें. सकाळचा ताठरपणा अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक टिकत असेल, दोन्ही हातांच्या बोटांचे किंवा मनगटांचे सांधे सुजत असतील, आणि असें कित्येक आठवडे चालत असेल, तर त्याला ‘वात’ म्हणून निकालांत काढूं नये. तज्ज्ञाकडे जावें, रक्त तपासून घ्यावें, आणि हा झिजेचा रोग, युरिक ॲसिडचा रोग कीं ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हें स्पष्ट विचारावें. साल्पेत्रिएरमधील त्या नऊ स्त्रियांचें दुखणें कोणीतरी नीट पाहिलें म्हणून रोगाला नांव मिळालें; पण त्यांना स्वतःला त्या नांवाचा कांहीं उपयोग झाला नाहीं, कारण औषध नव्हतें. आज औषध आहे. आपल्या घरांतील कोणाचें दुखणें केवळ नांवावांचून अडून राहूं नये, एवढें आपण सहज करूं शकूं.